लिओनाच्या हातातला दिवा

दुकानात शिरलेल्या माणसाला काय हवंय ते त्याने तोंड उघडायच्या आधी मला कळतं, असं मी तीस वर्षं सगळ्या गावाला सांगत आले. दुकान वडिलांचं. पुढे शेळ्यांचं खाद्य, तारेची भेंडोळी, खिळे, गमबूट. मागे काचेचं लांब टेबल आणि त्यात बंदुकांचं सामान. त्या टेबलामागे मी बसते. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची. माझा नवरा गिल्बर्ट म्हणतो, हाड नसलं तर नसू दे, निदान ब्रेक तरी हवा होता. त्याच जिभेने मी ओटमारकाकांच्या गळ्यात एक दिवा मारला. त्याची ही गोष्ट आहे, आणि ती सांगून माझं काही हलकं होईल अशी माझी समजूत नाही.

ओटमार बेरेन्स माझे सख्खे काका नव्हेत. वडिलांचे दोस्त, म्हणून काका. उंच, वाळलेले, पंचाहत्तरीला टेकलेले, आणि बोलणं असं की शब्दाला शब्द लावताना त्यांना कष्ट होतायत असं वाटावं. दीडशे अंगोरा शेळ्या, चुनखडीच्या टेकडीवरचं कुरण, पत्र्याचा लांब गोठा, आणि बायको लिओना. मुलगी शार्लीन सॅन अँटोनियोत. एवढाच त्यांचा संसार.

पण क्लबात त्यांचा दरारा होता. आमच्या पणजोबांनी जर्मनीहून टेक्ससला येताना चार गोष्टी बोटीत घातल्या: चर्च, सॉसेज, भाऊबंदकी आणि नेमबाजीचा मेळा. पहिल्या तीन कुठेही मिळतात. मेळा मात्र आमचाच. ऑगस्टात दोन दिवस नेम धरायचा आणि जो जिंकेल त्याला वर्षभर राजा म्हणायचं. ओटमारकाका तीनदा राजा झाले आणि मग बावीस वर्षं पंच. क्लबाच्या हॉलमध्ये प्रत्येक सभासदाच्या नावाची लाकडी पाटी खिळ्याला टांगलेली असते, आणि नियम असा आहे की ज्याच्या बंदुकीची नळी माणसावरून गेली, म्हणजे क्षणभरही त्याच्याकडे रोखली गेली, त्याने आपल्या हाताने आपली पाटी उलटी करायची. नाव भिंतीकडे. एक वर्ष. बंदूक रिकामी असली तरी, आणि कुणी पाहिलं नसलं तरी.

गिल्बर्टची पाटी एकदा उलटी झाली होती. गाडीतून रायफल काढताना नळी पास्टरसाहेबांच्या गुडघ्यांवरून गेली.

"रिकामी होती हो, काका!" गिल्बर्ट म्हणाला.

"पास्टर रिकामे नव्हते," काका म्हणाले, आणि हॉलच्या दाराकडे बोट दाखवलं.

तर असा माणूस. आणि त्यांची रानडुकरं मारायची रीतही अशीच, दोघांची मिळून. शेळ्या विण्याचे दिवस आले की डुकरं वास काढत येतात आणि करडं जिवंत खातात. बाकीचे लोक गाडीवर मोठा दिवा लावून आडदांडासारखे फिरतात. काका आणि लिओना पायी जायचे. लिओनाच्या हातात चार सेलचा काळा लांब टॉर्च, हातोडीएवढा जड. काकांच्या हातात रायफल, नळी जमिनीकडे. लिओना उजेड टाकायची आणि जे दिसेल त्याचं नाव घ्यायची. "शेळी." "कुत्रा." "दगड." "शेळी." तिने "डुक्कर" म्हटलं तरच काका रायफल खांद्याला लावायचे. एरवी नाही. एकदा मी विचारलं होतं, तुम्हाला स्वतःला दिसत नाही का? तर लिओनाच म्हणाली, "ह्यांना काय विचारतेस? बंदूकवाल्याला सगळंच डुक्कर दिसतं. म्हणून तर दिवा माझ्याकडे." आणि खो खो हसली. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी असं केलं आणि एक शेळीसुद्धा चुकून मेली नाही.

जानेवारीत एका सकाळी काका एकटे दुकानात आले. खांद्याला रायफल, आत गोळी नाही हे दिसावं म्हणून बोल्ट उघडा, हातात तो काळा टॉर्च. दोन्ही टेबलावर ठेवले.

"हा ह्याच्यावर बसव," म्हणाले.

"कशाला? लिओनाकाकू कुठायत?"

"आता एकट्याने करायचंय."

इथे मी थांबायला हवं होतं. कारण मला ठाऊक होतं. नाताळच्या जेवणात लिओनाने मला तीनदा विचारलं होतं की दुकान कसं चाललंय, आणि चौथ्यांदा मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली होती. गावात कुजबुज होतीच. पण दुखऱ्या जागी बोट कोण घालणार? त्यापेक्षा विकणं सोपं. मी टॉर्च हातात घेऊन त्याचं वजन केल्यासारखं केलं आणि सुरू झाले.

"हा? काका, हा बंदुकीचा नाहीच. हा स्वयंपाकघरात फ्यूज बघायचा. पट्टीने बांधला तर दोन गोळ्यांच्या धक्क्याने सरकेल. तिसऱ्या गोळीला उजेड आभाळात आणि गोळी भलतीकडे. बटण मागच्या टोकाला, तुमचा अंगठा पोचणार का तिथे?"

"मग टॉर्च नळीवर धरणारी ती दुसरी पकड दे. सैल करून काढता येते ती. लागेल तेव्हा हातात, लागेल तेव्हा नळीवर."

"म्हणजे धड ना हे, धड ना ते."

"हातात घेता आला पाहिजे," काका म्हणाले.

मी खालच्या कप्प्यातून नवा दिवा काढला. खास रायफलीसाठी घडवलेला. मुठीएवढा, जाड काचेचा, रायफलीच्या आडव्या पट्टीवर दोन स्क्रूंनी आवळला की हलायचं नाव नाही. वायरीच्या टोकाला चपटं बटण, ते डाव्या अंगठ्याखाली. दाबलं की उजेड, सोडलं की अंधार. मी गिल्बर्टला दुकानाचे दिवे बंद करायला लावले आणि मागच्या भिंतीवर तो उजेड टाकला. खाद्याच्या पोत्यावरचं बारीक अक्षर टेबलापासून वाचता आलं.

"बघा! आता मला सांगा, ह्यापुढे तुमचं ते धूड काय करणार?"

काका त्या उजेडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "चांगला आहे. पण ह्याने बघायचं म्हणजे नळी रोखूनच बघायचं."

"बोट घोड्याबाहेर ठेवायचं की झालं."

"दिवा जिकडे, तिकडे नळी, नेल्डा."

"अहो, पंच कोण, तुम्ही की मी? तुम्हाला कुणी शिकवायचं? नवशिका असता तर मीच म्हटलं असतं हातातला घ्या. तुमच्या हातात बंदूक म्हणजे... हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

सगळ्यात वाईट हे की मला ते खरं वाटत होतं. दुसरं वाईट हे की मला जिंकायचं होतं. काका बोलण्यात कुणाला हरत नसत, कारण ते बोलतच नसत. त्या दिवशी त्यांनी खांदे पाडले आणि म्हणाले, "बसव."

मी बसवला. आणि मग पुढचं केलं. तो काळा टॉर्च मी परत दिलाच नाही. "हा आता निवृत्त," म्हणाले, आणि टेबलामागच्या खिळ्याला लटकवून त्याखाली एक चिठ्ठी चिकटवली: चव्वेचाळीस वर्षांच्या नोकरीनंतर विश्रांती. येणारं जाणारं गिऱ्हाईक हसायचं. काकाही थोडे हसले. नको म्हणाले नाहीत. आता मला वाटतं की घरी नेला असता तर लिओनाने तो उचलला असता आणि बरोबर यायला निघाली असती, आणि तिला नाही म्हणणं त्यांना जमलं नसतं. म्हणून ते माझ्या थट्टेच्या आड लपले. पण हे आता सुचतंय.

फेब्रुवारीभर दिव्याने काम चोख केलं. काकांनी नऊ डुकरं मारली. एकही करडू गेलं नाही. त्यांनी मला घरचं शिजवलेलं चीज आणून दिलं, जिऱ्याचं, लिओनाच्या हातचं. त्यात मीठ दोनदा पडलं होतं. मी ते खाल्लं आणि सगळ्यांना सांगत सुटले की ओटमारकाकांसारख्या जुन्या माणसालासुद्धा मी वळवलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात उत्तरेचा वारा सुटला. दुपारी अंगात सदरा सहन होत नव्हता आणि संध्याकाळी बोटं वळेनात. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला गेले तर काका पायरीवर बसलेले. रायफल मांडीवर, बोल्ट उघडा.

"हे काढ," म्हणाले.

मी म्हटलं, "सैल झाला? अहो असं होणं शक्य नाही, मी स्वतः आवळलाय."

"सैल नाही. नीट चालतो." मग दिव्याकडे बघून, "फार नीट चालतो."

मी दार उघडलं. त्यांना आत आणून खुर्चीवर बसवलं, कॉफी दिली. ती त्यांनी प्यायली नाही. आणि मग या माणसाने, ज्याच्याकडून मी आयुष्यात सलग चार वाक्यं ऐकली नव्हती, सगळं सांगितलं. मी मध्ये एकदाही बोलले नाही. 

आदल्या संध्याकाळी लिओनाला स्वयंपाकघरात अक्रोड सोलायला बसवून ते पाण्याचा पंप गोणपाटाने बांधायला गेले. गारठ्याने फुटू नये म्हणून. त्याच्याही आदल्या दिवशी डुकरं ऐन संध्याकाळी आली होती, म्हणून रायफल बरोबर होती. अजून दिवस पुरता मावळला नव्हता, पण आभाळ भरलेलं आणि गोठा आतून काळा. परत येताना गोठ्यातून आवाज आला. करडं ओरडत होती, काहीतरी जड, बुटकं, त्यांच्यामधून सरकत होतं. पूर्वी असतं तर काका थांबले असते आणि शेजारून उजेड पडायची, नाव घेतलं जायची वाट पाहिली असती. आता उजेड रायफलीलाच होता. म्हणून त्यांनी रायफल खांद्याला लावली. सेफ्टीचा खटका काढला. आणि मग अंगठ्याने बटण दाबलं.

"हाच क्रम, नेल्डा," काका म्हणाले. "आधी सेफ्टी, मग उजेड. महिनाभरात हाताला हीच सवय लागली. उजेड पडला की डुकरं पळतात, वेळ मिळत नाही, म्हणून. माझ्या हाताला."

उजेडात त्यांचाच तपकिरी कोट होता. खुंटीवरचा. कोटात लिओना, गुडघ्यांवर बसलेली, करडाला बाटलीने दूध पाजत. आई मेलेली करडं ती रोज संध्याकाळी पाजायची, चव्वेचाळीस वर्षं. बाकी सगळं विसरली होती, हे विसरली नव्हती. तोंडावर उजेड पडताच बाटली पडली आणि तिने दोन्ही हात वर केले.

"मी म्हटलं, लिओना, मी आहे, मी. पण त्या उजेडाच्या मागे तिला काय दिसणार? मला रायफल खाली घेता येईना. अंगठा सोडवेना. अंधारात ती पळेल, तारेत पडेल, असं काहीतरी वाटलं. किती वेळ मी तसाच..." ते थांबले. "ती म्हणाली, मारू नका हो साहेब. मी काही चोरलं नाही. माझे यजमान येतीलच एवढ्यात. त्यांच्याकडे बंदूक आहे."

मी काचेच्या टेबलाला धरून उभी होते. त्या काचेखाली तसलेच आणखी तीन दिवे मांडलेले होते.

मी पान्याने दोन्ही स्क्रू काढले. दिवा निघाला. मी म्हटलं, "काका, चूक माझी आहे. तुम्ही हातातला मागत होतात."

"तू बंदूक धरली नव्हतीस," ते म्हणाले, आणि रायफल घेऊन गेले. खिळ्यावरच्या टॉर्चकडे त्यांनी पाहिलं. मागितला नाही. मला तो काढून हातात द्यायचं धाडस झालं नाही. खालची चिठ्ठी तेवढी मी फाडली.

त्याच दुपारी त्यांनी हॉलमध्ये जाऊन आपली पाटी उलटी केली. गावात एकच गहजब. ओटमार बेरेन्सची पाटी! कुणाला खरं वाटेना. डॉमिनोच्या टेबलावर लोक तर्क लढवू लागले. कोण म्हणे पोस्टमनवर नळी गेली असेल, कोण म्हणे आरशात स्वतःवरच. अध्यक्षांनी विचारलं तेव्हा काका एवढंच म्हणाले, "माणसावर गेली." कुणाच्या ते सांगितलं नाही. पंचाची खुर्चीही सोडली.

मी तीन आठवडे गप्प बसले. आमच्या घरात हे भूकंपासारखंच. गिल्बर्टने दोनदा विचारलं की तुला बरं नाही का. शेवटी एका रविवारी चर्चनंतर मी हॉलमध्ये गेले आणि माझी पाटी उलटी केली. वळून पाहते तर दारात काका.

"सरळ कर," म्हणाले.

"माझी पण आहे, काका. अर्धी तरी."

"ही काय कॉफी आहे, अर्धी अर्धी घ्यायला? सरळ कर ती. नियम नळीचा आहे, जिभेचा नाही."

लागायचं ते लागलं. पण ते रागाने बोलले नव्हते. दाराच्या चौकटीला टेकून उभे होते आणि मला दिसलं की ते फार बारीक झालेत. कोट अंगावर लोंबत होता. मी विचारलं, "काकू कशा आहेत?" हा प्रश्न मी जानेवारीत विचारायला हवा होता.

मग कळलं. दिवसा ती ठीक असते. त्यांच्याशी बोलते, कधी नावाने हाक मारते. पण संध्याकाळ झाली, घरात दिवा लागला, की ती त्यांच्याकडे बघून हात वर करते. कुठलाही दिवा. छतावरचा, पलंगाजवळचा, फ्रिज उघडल्यावरचा. म्हणते, घरात एक बंदूकवाला शिरलाय. म्हणून काका रोज अंधार पडायच्या आत तिला जेवण वाढून बाहेर जातात आणि गोठ्याच्या पायरीवर बसतात. ती झोपली की चोरपावलांनी आत. शार्लीनने सॅन अँटोनियोत एक जागा पाहिली होती, अशा माणसांसाठीची. येत्या शनिवारी ती आईला न्यायला येणार होती.

"तुम्हाला पाठवायचंय का त्यांना?" मी विचारलं.

"ती मला भिते, नेल्डा. भिणाऱ्या माणसाला घरात कोंडून ठेवायचं?" मग म्हणाले, "तिथे तिला भ्यायला मी नसेन."

त्या रात्री मला झोप लागली नाही हे काही विशेष नाही, मला तेव्हा महिनाभर लागतच नव्हती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी खिळ्यावरून तो काळा टॉर्च काढला, त्यात नवे सेल घातले आणि दिवस कलता कलता बेरेन्सांच्या फाटकातून आत गेले. काका बाहेर निघायच्या तयारीत होते. माझ्या हातातला टॉर्च त्यांनी पाहिला आणि गोठ्याकडे चालू लागले.

लिओना स्वयंपाकघरात होती. खिडक्यांचे पडदे ओढलेले, दिवा लावलेला नाही. तिने मला पुन्हा आईच्या नावाने हाक मारली.

"काकू, हा तुमचा आमच्याकडे राहिला होता," मी म्हटलं आणि टॉर्च तिच्यापुढे धरला.

ती लगेच घेईना. मग तिने तो उचलला, आणि वजन हातात येताच तिचं मनगट आपोआप वळलं. अंगठा बटणावर गेला. तिने तो लावला, विझवला. चेहऱ्यावर असं काही आलं की मला तिकडे बघवेना. उठली आणि म्हणाली, "चल, उशीर झाला. करडं वाट बघत असतील."

आम्ही मागच्या दाराने व्हरांड्यात आलो. मी तिच्या उजव्या अंगाला, अर्धं पाऊल मागे. तिनेच मला कोपराला धरून तिथे उभं केलं. मला वाटलं, आधारासाठी. अंगणात करडा उजेड उरला होता. तिने टॉर्च लावला आणि हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवत नेला, अगदी पूर्वीसारखा.

"बादली," ती म्हणाली. "दगड. कुत्रा. शेळी."

उजेड गोठ्याच्या पायरीवर गेला आणि थांबला. काका उठून उभे राहिले होते. तोंडावर उजेड, डोळे किलकिले. आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनी केलं.

लिओना बघत राहिली. बराच वेळ. माझ्या मनात आलं, आता टॉर्च पडेल, आता ती ओरडेल, आणि हेही माझ्याच शहाणपणाने. मग तिने मान माझ्याकडे न वळवता, शेजारच्या बंदूकवाल्याला बजावावं तसं मला बजावलं.

"माणूस आहे. बंदूक खाली घे."

माझे हात रिकामे होते. तरी मी ते खाली घेतले. त्या अंगणात मला कुणी दोषी म्हणालं नव्हतं, काकांनी तर माझी पाटी सरळ करून घेतली होती. पण नाव चुकलं तरी ती मला ओळखत होती. त्या घराकडे नळी वळवणारी कोण ते तिने बरोबर ओळखलं, असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं.

"या हो," लिओनाने त्यांना हाक मारली. "थंडीचे बाहेर का बसलात? जेवण तयार आहे."

काका हात वर धरूनच अंगण ओलांडून आले. पायरीवर त्यांनी टोपी काढली. ती टॉर्च त्यांच्या पायांपुढे धरून त्यांना आत घेऊन आली, दिवा लावला, आणि त्या दिव्यात त्यांच्याकडे बघून हात वर केले नाहीत. टॉर्च तिच्या हातात होता. सॉसेज आणि बटाटे वाढताना तिने तो काखेत धरला, पण खाली ठेवला नाही.

टेबलावर तिने चार ताटं मांडली. माझं, तिचं, पाहुण्याचं. काकांनी चौथ्या ताटाकडे पाहिलं आणि तिला विचारलं, "हे कुणाचं?"

"माझ्या यजमानांचं," ती म्हणाली. "गोठ्यात असतील. येतीलच एवढ्यात. चांगला माणूस आहे, तुम्हाला आवडेल."

काकांनी मान हलवली आणि ताटात बघून जेवू लागले. 

शनिवारी शार्लीन आली, दोन दिवस राहिली आणि एकटीच परत गेली. मी दुकानात ते खास दिवे अजून विकते. कुणी विचारलं की हा घेऊ की हातातला, तर आधी विचारते की घरात कोण कोण असतं, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसते. काका रोज संध्याकाळी गोठ्यापाशी हात वर करून उभे राहतात. ती त्यांच्या तोंडावर उजेड टाकते, "माणूस आहे" म्हणते आणि आत घेते. चार ताटं मी गेले तरच लागतात. एरवी तीन असतात, आणि त्यातलं नवऱ्याचं रोज तसंच धुवायला जातं.